शिकोकू हेन्रो

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सर्वांत लहान असलेल्या शिकोकू बेटाला वळसा घालून ८८ बौद्ध मंदिरांचे दर्शन घेण्याच्या यात्रेस ‘शिकोकू हेन्रो’ म्हणतात. यात्रा आणि यात्रेकरू या दोहोंसाठी ‘हेन्रो’ हाच शब्द रूढ असून बेटावरील लोक यात्रेकरूला आदराने ‘ओहेन्रो-सान’ म्हणतात. सुमारे १,२०० किमी. लांबीचा हा मार्ग पायी पुरा करण्यास साधारणतः ४० ते ६० दिवस लागतात. भातखाचरे, सुगी (जपानी देवदार) वृक्षांची दाट राने, कोळ्यांची गावे आणि वाहत्या महामार्गांच्या कडा या सर्वांतून तो जातो. एका मुख्य क्षेत्री पोहोचून संपणारी ही यात्रा नव्हे. ती प्रदक्षिणा आहे, आणि म्हणूनच दोन मंदिरांमधील वाटेला तिच्यात मंदिरांइतकेच महत्त्व आहे.

यात्रेचे आराध्य म्हणजे शिंगोन या जपानी बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५). त्यांचा जन्म बेटाच्या उत्तरेकडील सानुकी प्रांतात झाला. ७५ वे मंदिर झेन्त्सूजी हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. ८०४ मध्ये ते चीनला गेले आणि छांगआन येथे आचार्य हुइग्वो यांच्याकडून मंत्रमार्गी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन ८०६ मध्ये परतले. ८१६ मध्ये त्यांना मठासाठी होन्शू बेटावरील कोया पर्वत मिळाला. ‘कोबो दाइशी’ ही पदवी त्यांना ९२१ मध्ये मरणोत्तर देण्यात आली. मात्र भाविकांच्या मते दाइशींना मृत्यू आलाच नाही, ते कोया पर्वतावर समाधीत बसले आहेत आणि शिकोकूच्या वाटेवर प्रत्येक यात्रेकरूबरोबर चालत आहेत. यात्रेकरूच्या टोपीवर आणि झोळीवर लिहिलेल्या ‘दोग्यो निनिन’, म्हणजे ‘दोघे सहप्रवासी’, या शब्दांचा अर्थ हाच. मार्ग स्वतः दाइशींनीच आखला, असे परंपरा सांगते. प्रत्यक्षात किनाऱ्याने आणि डोंगरांतून भटकणाऱ्या तपस्व्यांच्या वाटांतून तो अनेक शतकांत घडत गेलेला दिसतो. सतराव्या शतकात सामान्य लोक मोठ्या संख्येने येऊ लागले आणि १६८७ मध्ये शिन्नेन या भिक्षूने यात्रेचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले.

मंदिरांची मोजणी आवा प्रांतातील (सध्याचा तोकुशिमा) र्‍योझेन्जी येथून सुरू होते. चार जुन्या प्रांतांना साधनेच्या चार पायऱ्या मानतात : आवा (२३ मंदिरे) हा संकल्पाचा, तोसा (१६) तपाचा, इयो (२६) बोधीचा आणि सानुकी (२३) निर्वाणाचा. ही वाटणी केवळ कागदावरची नाही, हे तोसामध्ये, म्हणजे सध्याच्या कोचीमध्ये, पायांना कळते. तेथे मंदिरे सर्वांत कमी आणि अंतरे सर्वांत मोठी आहेत. आवातील शेवटच्या, २३ व्या मंदिरापासून मुरोतो भूशिरावरील २४ व्या मंदिरापर्यंत सुमारे ७५ किमी. चालावे लागते; डाव्या हाताला अखंड पॅसिफिक महासागर असतो. या भूशिराजवळच्या एका गुहेत तरुण कूकाईंनी आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या मंत्राचा जप केला, अशी श्रद्धा आहे. मुरोतो येथील साधनेचा उल्लेख त्यांच्या स्वतःच्या लेखनातही आहे. गुहेच्या तोंडातून आकाश आणि समुद्र एवढेच दिसे, आणि ‘कूकाई’ या नावाचा अर्थही आकाश व समुद्र असाच आहे. त्याआधी आवामध्ये ११ व्या आणि १२ व्या मंदिरांमध्ये सुमारे १३ किमी.ची डोंगरवाट लागते. अशा चढणींना ‘हेन्रो-कोरोगाशी’, म्हणजे यात्रेकरूला गडगडत खाली पाडणारी वाट, असे नाव आहे.

यात्रेकरू पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि काठी बाळगतो. पांढरा रंग हा प्रेतवस्त्राचा रंग होय. पूर्वी वाटेत मरण आलेल्या यात्रेकरूला तेथेच पुरून त्याची काठी थडग्यावर रोवीत. जुन्या वाटांच्या कडेला अशा यात्रेकरूंची शेवाळलेली थडगी आजही दिसतात. काठीच्या वरच्या टोकाला खाचा पाडून पंचमहाभूतांची पाच अंगे दाखवतात आणि त्यांवर सिद्धम् लिपीत ख, ह, र, व, अ ही आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी यांची बीजाक्षरे लिहितात. ही लिपी भारतातून चीनमार्गे जपानला गेली. मंदिरांत म्हटल्या जाणाऱ्या ‘ओन आबोक्या बेइरोशानो’ या मंत्रात संस्कृत जाणणाऱ्याला ‘ओम् अमोघ वैरोचन’ सहज ओळखू येते. काठी म्हणजे साक्षात दाइशी. म्हणून संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचे झिजून तंतू सुटलेले टोक धुवावे, असा संकेत आहे. पुलावर ती टेकवत नाहीत, कारण दाइशींनी एकदा पुलाखाली रात्र काढली होती आणि कोणत्याही पुलाखाली ते निजलेले असू शकतात.

प्रत्येक मंदिरात हात धुऊन, मेणबत्ती व उदबत्त्या लावून प्रथम मुख्य मंडपात आणि नंतर दाइशींच्या मंडपात प्रज्ञापारमिताहृदयसूत्राचे पठण करतात व आपल्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकतात. चिठ्ठीचा रंग पूर्ण केलेल्या फेऱ्यांनुसार बदलतो : पहिल्या चार फेऱ्यांना पांढरी, तर शंभर झालेल्याला जरीच्या कापडाची. शेवटी यात्रेकरूच्या वहीवर लाल शिक्के उमटवून त्यांवर कुंचल्याने मंदिराचे व देवतेचे नाव लिहून दिले जाते.

या यात्रेचा खरा आधार ‘ओसेत्ताई’ ही प्रथा होय. गावकरी यात्रेकरूला संत्री, भाताचे मुटके, चहा, सुटे पैसे किंवा रात्रीचा निवारा देतात आणि यात्रेकरूने ते नाकारू नये असा नियम आहे, कारण देणाऱ्याच्या दृष्टीने ते दाइशींच्या हाती पडत असते. जो स्वतः चालू शकत नाही, त्याची यात्रा अशा दानातून घडते. घेणारा त्याबदल्यात आपली नावाची चिठ्ठी देतो. या प्रथेमागील भावना एमोन साबुरो याच्या आख्यायिकेत दिसते. इयो प्रांतातील या श्रीमंत माणसाने दारी आलेल्या भिक्षूला हाकलून त्याचे भिक्षापात्र फोडले. त्याचे आठ तुकडे झाले आणि पुढे त्याची आठ मुले एकामागून एक दगावली. तो भिक्षू दाइशी होते हे उमगल्यावर तो क्षमा मागण्यासाठी त्यांच्या शोधात बेटाभोवती वीस वेळा फिरला, एकविसाव्या वेळी उलट दिशेने निघाला आणि १२ व्या मंदिराजवळ मरणाच्या दारात असताना त्याला दाइशी भेटले. लीप वर्षी उलट्या क्रमाने यात्रा करण्याची प्रथा या कथेशी जोडली जाते.

वाट टिकवण्याचे कामही बव्हंशी सामान्य लोकांनीच केले. नाकात्सुकासा मोहेई (मृत्यू १९२२) यांनी जवळजवळ सगळे आयुष्य या वाटेवर घालवून २८० फेऱ्या केल्या आणि दोनशेहून अधिक मार्गदर्शक शिळा उभारल्या. दिशा दाखवणारा कोरीव हात असलेल्या अशा शिळा आजही उपयोगी पडतात. १९५० च्या दशकापासून बसने यात्रा सुरू झाली आणि आता बहुसंख्य यात्रेकरू वाहनानेच जातात. पायी चालणाऱ्यांपुढील आजची मोठी अडचण म्हणजे ओस पडत चाललेली खेडी : म्हातारी माणसे चालवीत असलेली मुक्कामाची घरे वारस नसल्याने बंद होत आहेत, आणि ती गेली की दोन मंदिरांमधील अंतर नकाशावर तेवढेच राहूनही प्रत्यक्षात वाढते.

८८ व्या ओकुबोजी मंदिरात काही जण आपली काठी अर्पण करतात, तर काही जण पुन्हा पहिल्या मंदिरात जाऊन वर्तुळ पुरे करतात. त्यानंतर कोया पर्वतावर जाऊन दाइशींना यात्रा पार पडल्याचे सांगण्याची रीत आहे. तेथे, त्यांच्या समाधीस्थानी, भिक्षू आजही रोज दोन वेळा त्यांच्यासाठी जेवण नेतात.