१५ टक्के वेळ आला कुठून?

ऑफिसच्या वेळेतला २० टक्के वेळ स्वतःच्या आयडियांना द्या, असं गुगलने २००४ च्या आयपीओच्या पत्रातच लिहिलं होतं, तेव्हापासून लोकांना वाटतं ही त्यांचीच कल्पना. पण मूळ सापडतं एका सँडपेपर बनवणाऱ्या कंपनीत, थ्रीएममध्ये, फक्त तिथे स्वतःच्या आयडियांचा वेळ १५ टक्के.

त्याआधी जमाना स्टॉपवॉचचा. फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांत कामगारांची हालचाल न् हालचाल घड्याळ लावून मोजली, डोकं साहेबाने चालवायचं आणि कामगाराने फक्त हात. लोक इतके वैतागले की १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात त्यावरून संपच झाला.

आता थ्रीएमचा रिचर्ड ड्र्यू बघा. नवीन सँडपेपर टेस्ट करायला हा सेंट पॉलमधल्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जायचा, तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती आणि एक रंग झाकायला चिकटवलेला कागद ओढला की ताजा रंगही सोबत निघायचा, पेंटर नुसते शिव्या घालायचे. यावर टेप आपणच बनवायची असं ह्याने डोक्यात घेतलं. वरचे साहेब विल्यम मॅकनाइट म्हणाले ते सोड, सँडपेपर बघ, पण हा ऐकतोय कुठे! टेपच्या मशीनला पैसे मंजूर होईनात, पण १०० डॉलरपर्यंतची खरेदी ह्याला स्वतःच्या सहीने करता यायची, मग छोटी छोटी बिलं लावून मशीन आणलं. १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार. मॅकनाइटना कळलं तरी त्यांनी कानाडोळा केला, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच, नियम नंतर आला. १५ टक्क्यांचं धोरण १९४८ च्या सुमाराचं.

पोस्ट-इटची, म्हणजे थ्रीएमच्याच चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांची गोष्टही त्याच वळणाची. धड न चिकटणारा गोंद १९६८ चा, त्याचा उपयोग सुचला १९७४ मध्ये आणि अमेरिकाभर विक्री १९८० ला, म्हणजे बारा वर्षं! कुठल्या तिमाही रिव्ह्यूत टिकलं असतं हे?

पुढे २००१ पासून नवे सीईओ जेम्स मॅकनर्नी यांनी थ्रीएममध्येच सिक्स सिग्मा, म्हणजे चुका कमी करायला प्रत्येक काम आकड्यांत मोजायची पद्धत आणली, संशोधनाचीही मोजदाद सुरू झाली, नंतर आलेल्या जॉर्ज बकली यांना लॅबमध्ये ते सैल करावं लागलं. गुगलमध्येही तो २० टक्के म्हणजे कामाच्या १०० वर आणखी २०, असं बोललं जायचं. आणि आपल्या हिंजवडीच्या आयटी सर्व्हिस कंपन्यांत तर क्लायंटला बिलच तासांचं जातं, त्यामुळे मोकळा वेळ मिळतो तो फक्त बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेल्याला, आणि तो बिचारा तो वेळ पुढचा प्रोजेक्ट शोधण्यात घालवतो.