वानझेचा बंगला: बैठकीपासून अभ्यासकेंद्रापर्यंत

बर्लिनच्या नैऋत्येला वानझे नावाच्या तळ्याकाठी १९१४-१५ मध्ये एका कारखानदाराने ऐसपैस बंगला बांधला. पुढे तो एका बड्या उद्योगपतीकडे गेला. हे गृहस्थ फसवणुकीच्या प्रकरणात गजाआड गेले आणि १९४० मध्ये एसएस या नाझी निमलष्करी संघटनेशी संबंधित एका संस्थेने बंगला विकत घेतला. एसएसचे अतिथिगृह झाले.

२० जानेवारी १९४२ रोजी एसएसचा बडा अधिकारी राइनहार्ड हायड्रिशने इथे बैठक बोलावली. त्याच्यासह १५ जण, त्यांतले निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले. सुमारे दीड तासात काम आटोपले. ज्यूंच्या संहाराचा निर्णय याच बैठकीत झाला, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. सोव्हिएत भूमीवर १९४१ च्या उन्हाळ्यापासूनच लाखो ज्यूंना गोळ्या घातल्या जात होत्या. वानझेला ठरला तो खात्याखात्यांतला समन्वय.

हायड्रिशच्या हाताखालचा अधिकारी आयखमान याने लिहिलेले बैठकीचे १५ पानी इतिवृत्त १९४७ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडले. ३० प्रतींपैकी ही सोळावी. त्यात ज्यूंच्या संख्येचा देशवार तक्ता आहे: इंग्लंड ३,३०,०००, आयर्लंड ४,०००, अल्बानिया २००. एकूण १ कोटी १० लाखांहून अधिक. एस्टोनियासमोर आकडा नाही, ‘ज्यूमुक्त’ एवढाच शेरा. ‘ठार मारणे’ हा शब्द मात्र कुठेच नाही. सक्तीच्या मजुरीतूनही जे ज्यू तगतील त्यांच्याबाबत ‘त्यानुसार कार्यवाही’ करावी लागेल, अशा थाटाची भाषा. सरकारी कचेरीत वावरलेल्याला ती ओळखीची वाटेल.

युद्धानंतर या वास्तूत १९५२ ते १९८८ बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या शाळकरी मुलांचे सहलनिवास होते. आउशवित्झमधून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी १९६५ च्या सुमारास मागणी लावून धरली, की इथे नाझी राजवटीच्या अभ्यासाचे दस्तऐवज केंद्र व्हावे. जागतिक ज्यू काँग्रेस पैसे द्यायला तयार होती. बर्लिनच्या प्रशासनाने नकार दिला. मुलांची हक्काची जागा जाईल, हे एक कारण. महापौर क्लाउस श्यूट्झ यांना तर ‘भेसूर पूजास्थान’ नको होते. मुलांसाठी दुसरा बंगला बर्लिनमध्ये मिळाला नसता, हे पटणे कठीण आहे. वुल्फ यांनी १९७४ मध्ये आत्महत्या केली. त्याआधी मुलाला लिहिलेल्या पत्रात खंत होती: नाझी राजवटीवर १८ पुस्तके लिहिली, परिणाम शून्य, खुनी मोकळे फिरतात आणि बागेत फुले लावतात.

बैठकीला ५० वर्षे झाली त्या दिवशी, २० जानेवारी १९९२ ला, बंगल्यात स्मारक आणि शिक्षणकेंद्र सुरू झाले. शाळकरी मुले इथे पुन्हा येऊ लागली, या वेळी अभ्यासाला. मोठ्यांसाठीची अभ्याससत्रे व्यवसायवार ठेवण्याची पद्धत इथे रुजली: परिचारिकांनी त्या काळातल्या परिचारिकांचे काम तपासायचे, करखात्यातल्यांनी ज्यूंची मालमत्ता जप्त करणाऱ्या करखात्याचे कागद वाचायचे. त्यासाठी लागणारी पुस्तके आणि दस्तऐवज इथल्याच ग्रंथालयात मिळतात. ग्रंथालयाला नाव योझेफ वुल्फ यांचे आहे.