छातीतली धडधड आणि मनातली चाल

पुण्यात व्याख्यानाला श्रोत्यांची वाण कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजूनही दर उन्हाळ्यात भरते. पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेले आजोबा झोपलेत असं धरून चालणारा वक्ता प्रश्नोत्तरांत हमखास सापडतो. अशा सभागृहात पहिल्यांदा बोलायला उभं राहिलं की भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते. त्यात घाबरटपणा काही नाही, ते शरीराचं नेहमीचं काम आहे.

धोका जाणवला की मेंदू अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, कामाला लावतो. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात, तळहात घामेजतात, लाळ कमी आणि चिकट होते. हा धोका वाघाचाच असावा लागतो असं नाही, समोर बसून आपल्याला जोखणारी माणसं पुरतात. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली यावर एक चाचणीच बसवली. चेहऱ्यावरची रेष न हलवणाऱ्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं भाषण करायचं आणि मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत मोठ्याने आकडे म्हणायचे, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याने लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दुप्पट ते चौपट होतं. प्रयोगशाळेत माणसावर खात्रीने ताण आणायचा असला की आजही जगभर हीच चाचणी वापरतात.

धडधड पूर्ण थांबवता येत नाही, थोडी आवरता येते. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या चेतेमुळे हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून नाव पुकारलं जाण्याआधी मिनिटभर श्वास घ्यायचा थोडका आणि सोडायचा सावकाश. हात थरथरत असतील तर टिपणं फुलस्केपवर नकोत, जाड कार्डावर हवीत. मोठा कागद थरथर वाढवून दाखवतो.

पण खरी गंमत पुढे आहे. आपली धडधड समोरच्यांना कळतेय असं वक्त्याला वाटतं, आणि ते बहुतांशी खोटं असतं. मानसशास्त्रज्ञ सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वक्त्यांना स्वतःची घाबरगुंडी जितकी उघड वाटली, तितकी ती श्रोत्यांना जाणवलीच नाही. शिवाय काही वक्त्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली होती. त्यांची भाषणं श्रोत्यांना अधिक चांगली वाटली.

आता याची दुसरी बाजू, जी फारसं कुणी सांगत नाही. भीती जशी बाहेर दिसत नाही, तसा डोक्यातला अर्थही बाहेर दिसत नाही. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला लावला. ऐकणारे निम्मी तरी गाणी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. ओळखली गेली १२० पैकी ३. गणपतीतल्या एखाद्या आरतीचा ठेका घरी वाजवून बघा, समोरचा बुचकळ्यात पडेल. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. विषयात मुरलेल्या माणसांची भाषणं बरेचदा कंटाळवाणी होतात ती यामुळेच, असं माझं मत आहे.

पुण्याच्या पाण्यावरचं भाषण घ्या. शहराला पाणी देणाऱ्या चार धरणांची क्षमता सांगताना वक्ता म्हणतो, “खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण २९.१५ टीएमसी.” आकडे बरोबर आहेत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण सभागृह तिथेच सुटतं. माणसाच्या मनात एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी टिकतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ साली मांडलं. वाचणारा ओळ पुन्हा वाचतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. हेच असं सांगता येईल : “रविवारी आपण कणीस खायला जातो ते खडकवासला चौघांत सगळ्यात लहान. आपलं ऐंशी टक्के पाणी त्याच्या मागे, पानशेत आणि वरसगावात साठतं.” आकडा एकच उरला, आणि घरी जाऊन सांगण्यासारखी एक गोष्ट श्रोत्याच्या हाती लागली.

तयारीचंही तसंच. भाषण शब्द न् शब्द पाठ करण्याची सवय आपल्याला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांनी लावली. पाठ केलेलं भाषण माळेसारखं असतं, एके ठिकाणी सूत तुटलं की सगळे मणी घरंगळतात. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पक्कं असावं, मधे मुद्द्यांचा क्रम पुरे. आणि टिपणं पुन्हा पुन्हा वाचू नका, मिटून ठेवून आठवून बोला. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्याने मात्र आठवून पाहणारे स्पष्ट पुढे होते. आदल्या रात्री वाचून जो आत्मविश्वास येतो तो यासाठीच फसवा. सराव आरशापुढे करण्यापेक्षा विषय ठाऊक नसलेल्या कुणापुढे, अगदी सोसायटीतल्या काकांपुढे करावा आणि मग काय कळलं ते त्यांना सांगायला लावावं.

भाषणकलेच्या वर्गांत एक आकडा छातीठोकपणे सांगतात : परिणामात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि हावभाव. हा आकडा मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतला आहे. सुटा शब्द, आवाज आणि चेहरा एकमेकांशी विसंगत असले तर बोलणाऱ्याच्या भावनेबद्दल ऐकणारा काय समजतो, एवढंच त्यात पाहिलं होतं. त्याचा अख्ख्या व्याख्यानाशी संबंध नाही, आणि हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा शब्दांवर मेहनत घ्यावी, वाया जात नाही.

राहता राहिला माइक. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा ध्वनीचा दाब निम्म्यावर येतो, म्हणजे सहा डेसिबलची घट. स्टँडवरच्या माइकसमोरून पडद्यावरची स्लाइड दाखवायला वळलात की नेमकं हेच होतं आणि मागून “आवाज!” असा पुकारा येतो. थोडं लवकर जावं, ओळखीच्या कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवावं आणि माइक तपासून घ्यावा. तेव्हा “हॅलो, हॅलो” करत बसण्यापेक्षा भाषणातलीच दोन वाक्यं, बोलणार त्याच आवाजात म्हणून पाहावीत.