रिमच्या पोटातले २५ मिलिमीटर

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या रोड बाइकचा, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलचा, मागचा टायर बदलायची वेळ आली. फोंडा ते पणजी रोजचं येणं-जाणं आणि अधूनमधून चोर्ला घाट, यामुळे टायर मधोमध सपाट झाला होता. नवा टायर आणून दुकानात दिला. अर्ध्या तासाने चाक, टायर आणि फाटलेली ट्यूब माझ्यापुढे आली. दुकानदार कोंकणीत म्हणाला, "हो टायर बसचो ना. साइज चुकल्या. दुसरो हाड." (हा टायर बसणार नाही. साइज चुकली आहे. दुसरा आण.) ॲल्युमिनियमच्या रिमच्या कडेवर स्क्रूड्रायव्हरचे तीन खोल ओरखडे उमटले होते. नव्या ट्यूबचे पैसे मलाच द्यावे लागले.

दुसऱ्या दुकानात मला '२८ चा' टायर काढून दाखवला. तिसऱ्या दुकानात एवढ्या बारीक व्हॉल्व्हची ट्यूब नव्हती, म्हणून रिमचं भोक ड्रिलने मोठं करून देण्याची तयारी दाखवली. चाक उचलून मी घरी आलो.

साइज चुकलेली नव्हतीच. जुन्या आणि नव्या, दोन्ही टायरच्या बाजूवर एकच आकडा छापलेला होता : २५-६२२. यातले २५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६२२ म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते, त्या वर्तुळाचा व्यास. बाकी सगळे आकडे, ७०० सी, २८, २९ इंच, ही बोलीतली नावं आहेत. ७०० हा आकडा फुगलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही जुन्या काळच्या जाड टायरचा. आजचा २५ चा टायर ६२२ च्या रिमवर बसवला तर बाहेरचा व्यास साधारण ६७२ भरतो, तरी नाव ७०० च राहिलं.

खरा घोळ २८ चा आहे. सकाळी पोंय-पोंय भोंपू वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल आठवा. त्या दणकट काळ्या सायकलीचा २८ x १½ टायर ६३५ च्या रिमसाठी असतो. रोड बाइकच्या टायरवरही कधी कधी २८ लिहिलेलं दिसतं, पण तो ६२२ चा. व्यासात १३ मिलिमीटरचा फरक. पोदेराचा टायर माझ्या रिमवर ढिला लोंबेल आणि माझा टायर त्याच्या रिमवर कितीही जोर लावला तरी चढणार नाही. म्हणून दुकानात इंच सांगूच नयेत. ६२२ म्हणावं आणि आकड्यावर बोट ठेवून दाखवावं.

आता मुख्य प्रश्न. साइज बरोबर असूनही टायर का चढत नाही?

बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हा टायर रिमला डकवलेला असे. पंक्चर काढायचं म्हणजे आधी तो उकलायचा आणि नंतर पुन्हा चिकटवायचा. १८९०मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज माणसाने जी युक्ती काढली, ती आजही आपण वापरतो. टायरच्या दोन्ही कडांमध्ये त्याने न ताणली जाणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट खोबण ठेवली. सगळी किमया या दोन गोष्टींच्या जोडीत आहे.

तार ताणली जाऊन चालतच नाही. २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) हवा भरली, की टायरच्या कापडावर दर सेंटिमीटरला जवळपास ९ किलो वजनाएवढा ताण येतो. हे गणित सोपं आहे : दाब गुणिले टायरची त्रिज्या. हा ताण कडेच्या तारेला सतत ओढत असतो. तार जराशी जरी लांबली तरी टायर रिमवरून उडून जाईल. घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये पोलादी तारेऐवजी केव्हलारसारख्या धाग्याचा दोर असतो. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५मध्ये केव्हलारचा शोध लावला. हा दोर वजनाने हलका असतो, पण ताणाच्या बाबतीत तोही हट्टीच.

मग ६२२ ची न ताणणारी तार रिमच्या उंच कडेवरून आत जाते कशी? माझ्या चाकाचेच अंदाजे आकडे घेऊ. तारेच्या वर्तुळाची त्रिज्या ३११ मिलिमीटर. रिमची कड बैठकीपेक्षा, म्हणजे तार जिथे टेकते त्या जागेपेक्षा, सुमारे ६ मिलिमीटर उंच, म्हणजे ३१७. तार सगळीकडे आपल्या बैठकीवर टेकलेली असेल, तर शेवटच्या तुकड्याला ६ मिलिमीटरची चढण उरते. अंगठ्यांनी ती चढवता येत नाही. दुकानात स्क्रूड्रायव्हर निघतो तो इथेच.

पण खोबण बैठकीपेक्षा ४ मिलिमीटर खोल आहे. समोरच्या बाजूची तार खोबणीत उतरवली, की तिकडे ती केंद्रापासून ३०७ वर येते आणि आपल्या बाजूला ३१५ पर्यंत पोहोचते. चढण उरली २ मिलिमीटरची. वर्तुळ हाताने किंचित लांबट केलं, की तेवढी भरून निघते.

हेच परिघाच्या भाषेत पाहिलं तर मला अधिक सुंदर वाटतं. त्रिज्या १ मिलिमीटरने कमी झाली, की परीघ २π, म्हणजे ६.२८ मिलिमीटरने कमी होतो. चाक बाइकचं असो की बैलगाडीचं, हा आकडा बदलत नाही. ४ मिलिमीटर खोल खोबणीत संपूर्ण तार उतरली तर सुमारे २५ मिलिमीटर ढील मोकळी होते. अंगठ्यांचा जोर वाढवून अर्धा मिलिमीटरही मिळत नसतो, आणि रिमच्या पोटात मात्र अडीच सेंटिमीटर तयार ठेवलेले असतात. ते गोळा करत शेवटच्या टोकापर्यंत आणायचे, हेच टायर बसवण्याचं खरं काम.

यावरून बाकीचे नियम आपोआप कळतात. पहिली कड सहज बसते, कारण खोबण रिकामी असते. दुसऱ्या कडेच्या वेळी आत ट्यूब आणि पहिली कड, दोघी जागा अडवून बसलेल्या असतात. ट्यूबमध्ये गोल आकार येण्याइतकीच, तोंडाने फुंकल्यासारखी हवा ठेवावी. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड पाया खोबण भरून टाकतो, त्यामुळे तिथे तार खाली उतरत नाही. म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. मी पाहिलेल्या दुकानांत नेमकं उलटं करतात : व्हॉल्व्ह हललं जाऊ नये म्हणून तिथून सुरुवात. म्हणजे सगळ्यात अवघड तुकडा खोबणीच्या मदतीला कायमचा मुकतो.

रिम टेपचंही, म्हणजे रिमच्या आत ट्यूबखाली लावतात त्या पट्टीचंही, तसंच. एकावर एक दोन जाड टेप लावलेल्या असतील आणि त्यांनी खोबण अर्ध्या मिलिमीटरने भरली असेल, तर तीन मिलिमीटरहून थोडी जास्त ढील गेली. माझ्या चाकात अशाच दोन टेप निघाल्या. एक काढल्यावर तोच 'चुकलेल्या साइजचा' टायर हातांनी बसला. शेवटच्या वितीला आधी चाकाभोवती दोन्ही हातांनी चेपत, खालून वर ढील ओढत आणावी लागली एवढंच. लिव्हरची, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीची, गरज पडलीच तर प्लॅस्टिकची वापरावी आणि एका वेळी दोन बोटं एवढीच तार उचलावी. लोखंडी टोक रिम आणि तार यांच्या मधे ट्यूबला चिमटा काढतं. पहिल्या दुकानात माझी ट्यूब अशीच गेली.

टायर उन्हात ठेवा, मग चढतो, असंही इथे सांगतात. खरं आहे, पण कारण वेगळं. तापमान ३० अंशांनी वाढलं तर पोलादी तार पाऊण मिलिमीटरच्या आत-बाहेर लांबते. केव्हलार तर उष्णतेने लांबीत किंचित आक्रसतं. फायदा होतो तो रबर मऊ पडल्याचा. पण चाकासकट उन्हात ठेवलंत तर नुकसान, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि रिमचा परीघ तारेपेक्षा जास्त वाढतो. टायर उन्हात, चाक सावलीत.

घसरण हवी तर साबणाचं पाणी लावावं. ते वाळून जातं. ग्रीस किंवा खोबरेल नको, रबर तेल शोषून फुगतं.

ड्रिलबद्दल बोलायलाच हवं. बारीक व्हॉल्व्हसाठी रिमला साधारण साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं, मोटारसायकलीसारख्या जाड व्हॉल्व्हला साडेआठ लागतं. अरुंद रिममध्ये तेवढं कोरलं की आधीच कमी असलेला धातू आणखी कमी होतो, आणि पुन्हा बारीक व्हॉल्व्ह घातलं तर उरलेल्या फटीतून ट्यूब बाहेर डोकावते. माझी विनंती आहे, कुणालाही हे करू देऊ नका.

दुकानदारांवर मी बराच काळ रागावलो होतो. २०१९मध्ये पणजीत आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत सुरू झाली. तिच्यात सायकलचा टप्पा ९० किलोमीटरचा असतो. आता मिरामारला आणि रायबंदरच्या जुन्या बांधावर पहाटे रोड बाइका दिसतात. त्या दुरुस्तीला जातात त्या मात्र दोन पिढ्या ६३५ चे रुंद, सैल टायर चढवण्यात हात तयार झालेल्या दुकानांत. तिथे जोर पुरत होता, खोबणीचा विचार करायची वेळच आली नव्हती. तरीही माझा एक आग्रह आहे. टायर बसत नसेल तर कारागिराने हत्यार उचलण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावं, आणि गिऱ्हाइकाने शेजारी उभं राहून बघावं. रिमवरचा ओरखडा भरून येत नाही.

टायर चढला की पूर्ण हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडावं, म्हणजे त्याच्या पायाखाली अडकलेली तार मोकळी होते. मग चाकाभोवती दोन्ही बाजूंनी कड जराशी बाजूला करून पाहावी, आत ट्यूब डोकावते का. अर्धी हवा भरून चाक फिरवावं. टायरच्या कडेला, रिमच्या अगदी वर, एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडालेली दिसली तर हवा सोडून तेवढ्या भागाला साबणाचं पाणी लावायचं आणि पुन्हा भरायचं. कुठे फुगून वर आलेली दिसली तर तिथे तार कडेवर चढते आहे. पंप लगेच थांबवून हवा सोडावी आणि तो तुकडा पुन्हा बसवावा.