निवडून येईल का, आणि बोलला ते करेल का?

मार्च 1980. रिपब्लिकन पक्षात अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस रंगात आली होती. माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी न्यूयॉर्क टाइम्सला मुलाखत देऊन सांगून टाकलं की रोनाल्ड रेगन फारच उजवे आहेत, ते देशभरात निवडून येऊच शकणार नाहीत. असं म्हणणारे फोर्ड एकटे नव्हते. नोव्हेंबरात रेगन यांनी 50 पैकी 44 राज्यं जिंकली आणि चार वर्षांनी 49.

आपल्याकडे तिकीटवाटपाच्या वेळी ज्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, त्याची अमेरिकेत घराघरात चर्चा होते. तिथे उमेदवार हायकमांड ठरवत नाही, प्रायमरी निवडणुकीत मतदार ठरवतात. त्यामुळे साधा मतदारही पक्षश्रेष्ठींच्या थाटात विचार करू लागतो : मला ही बाई आवडते, पण बाकीचे तिला मत देतील का? त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतोच, की हा आत्ता बोलतोय ते नंतर करणार का? पहिल्याचं उत्तर लोक छातीठोकपणे देतात आणि दुसऱ्यावर ‘सगळे एका माळेचे मणी’ म्हणून मोकळे होतात. राज्यशास्त्रातलं संशोधन चाळलं तर वाटतं, हे नेमकं उलटं व्हायला हवं.

आधी पहिला प्रश्न. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये वृत्तपत्रातल्या एका स्पर्धेचं उदाहरण दिलं होतं. शंभर चेहऱ्यांच्या फोटोंतून सहा सर्वांत सुंदर निवडायचे, आणि ज्याची निवड सगळ्या स्पर्धकांच्या सरासरी पसंतीच्या सर्वांत जवळ, त्याला बक्षीस. शहाणा स्पर्धक स्वतःला आवडलेला चेहरा निवडतच नाही. इतरांना काय आवडेल याचा अंदाज बांधतो, आणि इतरही तेच करत असतात. केन्स बोलत होते शेअर बाजाराबद्दल, पण प्रायमरीला हे तंतोतंत लागू पडतं.

2007 च्या शरद ऋतूत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कृष्णवर्णीय मतदारांत बराक ओबामा मागे होते, हिलरी क्लिंटन पुढे. ओबामा आवडत नव्हते असं नाही. ‘गोरे लोक याला मत देणार नाहीत, मग आपलं मत कशाला वाया घालवा’ हा अनेकांचा हिशेब होता. 3 जानेवारी 2008 ला आयोवा या जवळजवळ संपूर्ण गोऱ्या राज्यात ओबामा जिंकले आणि हिशेब फिरला. त्याच महिन्याच्या 26 तारखेला साउथ कॅरोलायनात जवळपास 80 टक्के कृष्णवर्णीय मतं त्यांना मिळाली. तीन आठवड्यांत उमेदवार तोच होता, त्याचं धोरणही तेच. बदलला तो फक्त इतरांविषयीचा अंदाज. अशा हिशेबाला रेजिना बेटसन या अभ्यासिकेने ‘व्यूहात्मक भेदभाव’ म्हटलं आहे : माझ्या मनात आकस नाही, पण इतरांच्या मनात असेल म्हणून मी हिला मत देत नाही. परिणाम आकस असल्यासारखाच होतो.

मग ‘हा निवडून येण्यासारखा दिसतो’ हे आपण ठरवतो तरी कशावरून? बऱ्याच अंशी चेहऱ्यावरून. प्रिन्स्टनच्या अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2005 मध्ये लोकांना अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे फोटो जोडीने दाखवले आणि विचारलं, यातला कोण जास्त सक्षम वाटतो? ज्यांनी चेहरा ओळखला त्यांची उत्तरं बाजूला काढली. तरीही सुमारे 70 टक्के लढतींत ‘सक्षम’ चेहराच प्रत्यक्षात जिंकलेला होता. 2009 मध्ये स्वित्झर्लंडच्या जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास यांनी तर 5 ते 13 वर्षांच्या मुलांना बसवलं. ट्रॉयहून इथाकाला बोट न्यायचीय, कप्तान कोणाला करशील? फोटो होते फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांचे. पोरांनी निवडलेले कप्तान बहुतांश लढतींत जिंकलेले उमेदवार निघाले. टीव्हीवर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या पंडितांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

सगळाच भ्रम आहे असं मात्र नाही. अँड्रयू हॉल या अभ्यासकाने प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, अशा प्रायमरी शोधल्या, जिथे टोकाचा उमेदवार मवाळ उमेदवाराला अगदी थोडक्यात हरवून पुढे गेला होता. थोडक्यात जिंकलेले आणि थोडक्यात हरलेले यांचे मतदारसंघ इतर बाबतींत जवळपास सारखे, त्यामुळे तुलना न्याय्य होते. टोकाचा उमेदवार दिला की मुख्य निवडणुकीत पक्षाची मतं 9 ते 13 टक्के बिंदूंनी घटतात, असं दिसलं. पण प्रतिनिधिगृहाच्या शेकडो लढती दर दोन वर्षांनी होतात. अध्यक्षपदाच्या 1948 ते 2024 पर्यंत फक्त 20 झाल्या. वीस नोंदींच्या जोरावर ‘अमुक प्रकारचा माणूस जिंकूच शकत नाही’ असा नियम मांडणं म्हणजे संख्याशास्त्राची थट्टा आहे.

आता आश्वासनं. वादविवादात उमेदवाराच्या डोळ्यांत बघून त्याचा प्रामाणिकपणा ओळखता येतो, हा समज सोडून द्यावा. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये खोटं ओळखण्यावरचे शेकडो प्रयोग एकत्र केले. चोवीस हजारांवर लोकांची अचूकता निघाली सरासरी 54 टक्के. नाणं उडवलं तरी 50 मिळतात.

त्यामुळे अभ्यासक चेहरा सोडून कागद धरतात. जाहीरनाम्यातलं एकेक वाक्य घ्यायचं, ते तपासता येतं का पाहायचं, आणि कारकीर्द संपल्यावर निकाल लावायचा. ‘अमेरिकेला पुन्हा महान करू’ तपासता येत नाही. ‘सीमेवर भिंत बांधू आणि मेक्सिको पैसे देईल’ तपासता येतं, दोन्ही भाग वेगवेगळे. केनेडींपासून रेगन यांच्यापर्यंतची आश्वासनं तपासून जेफ फिशेल यांनी काढलेला निष्कर्ष असा, की अध्यक्ष दिलेल्या शब्दासाठी सहसा प्रयत्न करतातच, आणि फसतं ते बरेचदा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, विरोधामुळे. पॉलिटिफॅक्ट या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थेने ओबामांची पाचशेच्या वर आश्वासनं तपासली. जवळजवळ निम्मी पाळलेली निघाली आणि साधारण चौथा हिस्सा मोडलेला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या सुमारे शंभरांपैकी निम्म्याच्या आसपास मोडलेली. माणसामाणसांत फरक असतो तो असा मोजून कळतो, आणि ‘सगळे सारखेच’ म्हणण्यात नेमका तोच हरवतो.

शिवाय मोडलेलं प्रत्येक आश्वासन खोटं नसतं. क्यूबातल्या ग्वांतानामोचा, दहशतवादाचा संशय असलेल्यांना डांबलेला अमेरिकी लष्करी तुरुंग वर्षात बंद करण्याच्या आदेशावर ओबामांनी 22 जानेवारी 2009 ला, म्हणजे पदावर येताच सही केली. कैदी अमेरिकेत हलवायला काँग्रेसने पैसे अडवले. ओबामा गेले तेव्हा कैदी सुमारे 240 वरून 41 वर आले होते, तुरुंग मात्र चालूच होता. थोरल्या बुश यांचं 1988 मधलं ‘माझे ओठ वाचा, नवे कर नाहीत’ हे वचन याच्या उलट. काँग्रेस डेमोक्रॅट्सच्या हातात, तूट वाढती. अशा स्थितीत हा शब्द टिकणं अवघडच होतं, आणि 1990 च्या कायद्याने प्राप्तिकराचा वरचा दर 28 वरून 31 टक्क्यांवर गेला. 1992 च्या पराभवापर्यंत ते वाक्य त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं.

उमेदवार अशी वाक्यं का बोलतात, ते 1984 मध्ये रेगन यांच्याविरुद्ध लढलेले डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर माँडेल यांच्याकडे बघून कळतं. गेम थिअरी, म्हणजे डावपेचांचा गणिती अभ्यास, म्हणते, फुकटच्या बोलण्यापेक्षा ज्यात बोलणाऱ्याचं नुकसान आहे ते बोलणं जास्त विश्वासार्ह. माँडेल यांनी उमेदवारी स्वीकारताना भर अधिवेशनात सांगितलं : कर रेगनही वाढवतील आणि मीही. ते तुम्हाला सांगणार नाहीत, मी सांगून टाकलं. इतकं महागडं, म्हणून इतकं खरं वाटावं असं वाक्य अमेरिकी प्रचारात क्वचितच कुणी बोललं असेल. रेगन यांची ती 49 राज्यं याच निवडणुकीतली. माँडेल यांच्या वाट्याला आलं त्यांचं स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन.