मायटोकॉन्ड्रियाला ब्रेक कोण लावतं?

कमरेच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा चेतापेशीचा अक्षतंतू (संदेश वाहून नेणारा तिचा लांब धागा) मोठ्या माणसात जवळपास १ मीटर लांब असतो. पेशीचं केंद्रक मात्र वरच्या टोकाला, कण्याजवळ. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बहुतेक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. माणसात त्याच्या स्वतःच्या डीएनएवरून जेमतेम १३ बनतात. म्हणजे माल वरती तयार होणार आणि ऊर्जा हवी थेट अंगठ्यात. सेकंदाला १ मायक्रोमीटर या वेगाने, कुठेही न थांबता निघालेला मायटोकॉन्ड्रिया तिथे साडेअकरा दिवसांनी पोहोचेल.

पण तो न थांबता जातच नाही. प्रौढ अक्षतंतूत कुठल्याही क्षणी बहुसंख्य मायटोकॉन्ड्रिया उभेच असतात. पेशीच्या आतला प्रथिनांच्या नळ्या-तंतूंचा सांगाडा म्हणजे मायटोकॉन्ड्रिया वाहून नेणारे रूळ, एवढंच आपण वाचलेलं असतं. मला त्याहून रंजक वाटतं ते त्यांचं थांबणं.

आधी धावण्याबद्दल थोडं. माखलीच्या जातीतल्या स्क्विडचा अक्षतंतू इतका जाड असतो, की त्यातला द्रव टूथपेस्टसारखा पिळून बाहेर काढता येतो, आणि गंमत म्हणजे बाहेर काढल्यावरही त्यातले कण इकडून तिकडे धावत राहतात. याच द्रवातून १९८५ मध्ये अमेरिकेत वुड्स होल इथे किनेसिन हे मोटर-प्रथिन सापडलं. ते २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिकेवरून, म्हणजे त्या रुळावरून, ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकतं आणि प्रत्येक पावलाला एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा एक रेणू खर्च करतं. उलट्या दिशेने, केंद्रकाकडे परतायला डायनिन हे दुसरं मोटर-प्रथिन असतं.

किनेसिन मायटोकॉन्ड्रियाला थेट धरत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणात मिरो नावाचं प्रथिन रुतलेलं असतं आणि मिरो व किनेसिन यांना मिल्टन हे तिसरं प्रथिन जोडतं. मिल्टन बिघडलेल्या फळमाश्या आंधळ्या निघाल्या. २००२ मध्ये कारण कळलं: त्यांच्या डोळ्यांतल्या चेतापेशींत मायटोकॉन्ड्रिया केंद्रकाजवळच अडकून पडले होते, टोकापर्यंत एकही पोहोचला नव्हता.

आता ब्रेक. मिरोला कॅल्शियम चिकटतं. दोन चेतापेशींच्या सांध्यावर संदेशांची ये-जा वाढली की तिथे कॅल्शियम आत शिरतं, आणि जवळून जाणारा मायटोकॉन्ड्रिया थबकतो. नेमक्या त्याच जागी ऊर्जेची गरज असते! कॅल्शियममुळे किनेसिन रुळावरून सुटतं की मिरोच त्याला पकडून ठेवतं, यावर मतभेद आहेत. काही मायटोकॉन्ड्रियांना तर सिंटाफिलिन हे प्रथिन सूक्ष्मनलिकेला बांधूनच टाकतं. ते काढून टाकलेल्या उंदरांत उभे असलेले बहुतेक मायटोकॉन्ड्रिया पळू लागले.

नादुरुस्त मायटोकॉन्ड्रियालाही थांबवावंच लागतं. पिंक-१ आणि पार्किन ही प्रथिनं त्याच्यावरचा मिरो नष्ट करायला लावतात, त्यामुळे तो मोटरपासून सुटा होतो आणि पुढे त्याची विल्हेवाट लावता येते. आनुवंशिक पार्किन्सनच्या काही घराण्यांत याच दोन प्रथिनांची जनुकं बिघडलेली आढळतात.

सांगाड्यातले ॲक्टिनचे बारीक तंतू मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे करायलाही हातभार लावतात; आवळण्याच्या जागी ते तयार होतात आणि मग ड्रप-१ हे प्रथिन कडं करून त्याला कापतं. सूक्ष्मनलिका नेमकी याच्या आड येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २०१९ मध्ये एका यीस्टवर हे दाखवलं: मायटोकॉन्ड्रिया सूक्ष्मनलिकेला चिकटलेला असेल तर कापणाऱ्या प्रथिनाचं कडं त्याच्याभोवती पूर्ण होऊच शकत नाही. पावात वापरतात त्या यीस्टमध्ये मात्र मायटोकॉन्ड्रियाची ने-आण ॲक्टिनवरूनच होते. उत्क्रांतीला एकच पद्धत सगळीकडे राबवायची हौस दिसत नाही.

हे रूळ उखडले तर काय होतं, ते कर्करोगाच्या रुग्णांना माहीत असतं. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन सूक्ष्मनलिका जुळू देत नाही, त्यामुळे कर्कपेशींचं विभाजन अडतं. चेतापेशी विभागत नाहीत, पण त्यांचे रूळही सूक्ष्मनलिकांचेच. हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि अक्षतंतूतली वाहतूक खोळंबणं हे त्याचं एक प्रमुख कारण मानलं जातं. सर्वांत लांबचा पल्ला पायाचा, म्हणून त्रास बहुधा तिथून सुरू होतो. मोठ्या माणसाला एका वेळी या औषधाचे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सहसा देत नाहीत, ते चेतातंतूंच्या याच त्रासामुळे.