आरोग्यसेवेतील गुणात्मक संशोधन : उपयोग आणि मूल्यमापन

आजार, उपचार आणि आरोग्ययंत्रणा यांचा माणसे कसा अर्थ लावतात व त्यानुसार कशी वागतात, याचा मुलाखती, गटचर्चा, प्रत्यक्ष निरीक्षण आणि लेखी नोंदी यांच्या आधारे केलेला अभ्यास म्हणजे आरोग्यसेवेतील गुणात्मक संशोधन. औषध किती जणांना लागू पडते हे चाचणीतून कळते. लागू पडणारे औषधही रुग्ण मध्येच का सोडतो, हे त्याला विचारावे लागते.

या पद्धती समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रातून आल्या. अर्विंग गॉफमन यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात वावरून केलेला अभ्यास १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आला. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्ण आणि कर्मचारी यांच्यातील व्यवहार पाहिले. त्याच कामातून १९६७ मध्ये त्यांनी ‘ग्राउंडेड थिअरी’ ही, गोळा केलेल्या सामग्रीतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत मांडली. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र या संशोधनाला उशिरा जागा मिळाली. कॅथरीन पोप आणि निकोलस मेज यांची ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील १९९५ ची लेखमाला हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. हा स्वीकार अजूनही पूर्ण नाही : २०१६ मध्ये ११ देशांतील ७६ अभ्यासकांनी त्याच नियतकालिकाला खुले पत्र लिहून, गुणात्मक लेख ‘कमी प्राधान्याचे’ म्हणून परत पाठवण्याच्या धोरणाला आक्षेप घेतला.

उपयोगाचे बोलके उदाहरण ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीचे. प्रोस्टेटच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसती देखरेख या तीन मार्गांची तुलना करायची होती. पण कोणता मार्ग वाट्याला येईल हे चिठ्ठीवर सोडायला पुरेसे रुग्ण तयार होत नव्हते. संशोधकांनी रुग्णांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांना चाचणीची माहिती दिली जात असतानाचे संभाषण ध्वनिमुद्रित करून तपासले. डॉक्टर आणि परिचारिका तिन्ही मार्ग समतोलपणे मांडत नव्हत्या, आणि देखरेखीचे वर्णन ऐकून रुग्णांचा समज होई की आपल्याला वाऱ्यावर सोडले जाणार. माहितीचा क्रम, मजकूर आणि देखरेखीचे नाव बदलल्यावर संमतीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. संख्येच्या बाजूने उभ्या असलेल्या चाचणीलाच इथे गुणात्मक कामाने तारले, हे विसरता येत नाही.

२०१४-१५ च्या पश्चिम आफ्रिकेतील इबोला साथीत मृतदेहाला होणाऱ्या स्पर्शातून संसर्ग पसरत होता, तरी सक्तीच्या दफनाला लोक विरोध करत. अंत्यविधींचे महत्त्व जाणणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांचा सल्ला आणि समाजाशी झालेल्या चर्चा यांनंतर नातेवाइकांना सहभाग देणारी ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक’ दफनाची पद्धत पुढे आली.

मूल्यमापनाचा प्रश्न इथून अवघड होतो. ‘वीसच मुलाखती?’ हा नेहमीचा आक्षेप चुकीच्या फूटपट्टीने घेतलेला आहे. इथे नमुना सरासरी काढण्यासाठी नव्हे, तर अनुभवातली विविधता हाती यावी म्हणून हेतुपूर्वक निवडलेला असतो. म्हणून इव्हॉना लिंकन आणि इगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये वेगळे निकष सुचवले : निष्कर्ष विश्वासार्ह आहेत का, दुसऱ्या संदर्भात नेता येतील का, प्रक्रिया सुसंगत आणि तपासण्याजोगी आहे का, आणि मांडणी संशोधकाच्या कलापेक्षा सामग्रीवर उभी आहे का. प्रत्यक्षात चोखंदळ वाचक आणखी दोन गोष्टी पाहतो. मुलाखत घेणारा कोण होता? उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच ती घेतली, तर रुग्ण तक्रार करताना कचरणारच. आणि निष्कर्षाला छेद देणाऱ्या मुलाखतींचे काय झाले? त्यांचा उल्लेखच नसेल, तर संशय घ्यायला जागा आहे. ‘नवे काही मिळेनासे झाले’ म्हणून मुलाखती थांबवल्याचा दावाही, तो कसा ठरवला हे सांगितल्याखेरीज, फारसा कामाचा नसतो.

तपासयाद्या पुष्कळ आहेत. २००७ ची ‘कोरेक’ ३२ मुद्द्यांची, तर २०१४ ची ‘एसआरक्यूआर’ २१ मुद्द्यांची. त्या अहवाल कसा लिहावा हे सांगतात. विचार सकस आहे की नाही, हे नाही. सगळ्या चौकोनांत खुणा असलेला लेख पोकळ असू शकतो, हा रोझलिन बार्बर यांनी २००१ मध्ये दिलेल्या इशाऱ्याचा गाभा. मेरी डिक्सन-वुड्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याची परीक्षाच घेतली : सहा अनुभवी परीक्षकांनी तेच १२ लेख तीन पद्धतींनी तपासले. त्यांच्यातले एकमत अगदीच थोडे निघाले, आणि रचनाबद्ध पद्धती वापरूनही ते वाढले नाही.

एकेका अभ्यासाला गुण देण्यापेक्षा अनेक अभ्यासांतून निघालेल्या निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा हे पाहणे, ही पुढची दिशा. आरोग्यविषयक संशोधनाचे पद्धतशीर आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन ग्रंथालयात असा पहिला गुणात्मक आढावा २०१३ मध्ये आला. ‘ग्रेड-सर्क्वल’ (GRADE-CERQual) ही पद्धत त्यासाठी चार बाबी तपासते : मूळ अभ्यासांतील पद्धतीच्या उणिवा, निष्कर्ष आणि सामग्री यांचा मेळ, सामग्रीचा पुरेसेपणा आणि प्रश्नाशी असलेला संबंध. त्यावरून भरवसा उच्च, मध्यम, कमी की अत्यल्प हे ठरते. चारही बाबींची बेरीज करून नव्हे, तर परीक्षकांनी आपला निर्णय कारणांसह लेखी मांडून.